कनिष्ठांना आपल्यापेक्षा जास्त येते, अशा शाखेचे नेतृत्व कसे करावे?

रोजकीर्द

नमस्कार. मी पश्चिम महाराष्ट्रातील एका नागरी सहकारी बँकेत शाखाधिकारी आहे. लिपिक म्हणून लागलो, पुढे रोखपाल झालो, मग पासिंग अधिकारी (इतरांनी केलेल्या नोंदी मंजूर करणारा) आणि आता शाखेची जबाबदारी. निवृत्तीला अजून बराच अवकाश आहे, त्यामुळे ‘आता थोडेच दिवस राहिले’ असे म्हणून हा प्रश्न बाजूला सारण्याची सोय मला नाही.

आमच्या पिढीने ज्यांच्या हाताखाली काम शिकले, ते शाखाधिकारी शाखेतील सर्वांत जाणकार माणूस असत. दिवसअखेर रोख जुळली नाही, तर फरक कोणत्या व्हाउचरमध्ये असेल हे ते अंदाजाने सांगत. कोणत्या कर्जदाराच्या घरी केव्हा गेले म्हणजे हप्ता मिळेल आणि कोणत्या जामीनदाराच्या कानावर गोष्ट घातली म्हणजे पुढचे आपोआप होईल, हे त्यांना ठाऊक असे. लोक त्यांचे ऐकत, कारण त्यांना जास्त येत असे. मीही त्याच वाटेने वर आलो.

आज शाखेतील चित्र उलटे आहे. यूपीआयचा अडकलेला व्यवहार कोठे अडकला, केवायसीची नोंद प्रणाली का स्वीकारत नाही, मोबाइल बँकिंग बंद पडलेल्या ग्राहकाला काय सांगायचे, हे सगळे नव्याने लागलेल्या मुलामुलींना माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त कळते. ग्राहकसुद्धा माझ्या केबिनकडे न येता थेट त्यांच्या टेबलाशी जातात. याचे मला वाईट वाटत नाही, पण मग या शाखेत माझे नेमके काम काय, असा प्रश्न पडतो. कर्जांच्या बाबतीतही तेच. पूर्वी मार्चअखेर जवळ आली की कोणत्या खात्यावर जोर लावायचा हे आम्ही बसून ठरवत असू. आता रात्री प्रणाली स्वतःच कर्जखात्याचे नियमित की थकीत असे वर्गीकरण करते आणि सकाळी मुख्य कार्यालयातून विचारणा येते.

मुख्य कार्यालयाने नेतृत्व विकासाचे दोन दिवसांचे प्रशिक्षण ठेवले होते. वक्ते उत्तम बोलत होते, जहाजाचे कप्तान आणि सिंहांचे कळप यांवर बरीच चर्चा झाली, भोजनही चांगले होते. परंतु सोमवारी शाखेत आल्यावर त्यातले काय वापरायचे, हे मला उमगले नाही.

म्हणून माझी विचारणा अशी आहे. माझ्यासारख्याने नेतृत्वाची आपली कौशल्ये अद्ययावत ठेवायची म्हणजे नेमके काय शिकायचे, किती खोलात शिकायचे, आणि ते कनिष्ठांकडूनच शिकावे लागले तर शाखेतील अधिकार टिकतो का? प्रत्यक्ष शाखा चालवलेल्या किंवा शाखाधिकाऱ्याच्या हाताखाली काम करत असलेल्या मंडळींनी उत्तर दिल्यास आभारी राहीन.

---

वसुली पथक

रोजकीर्द साहेब, प्रश्न योग्य वेळी विचारलात. मी एका नागरी बँकेतून सहायक महाव्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो आणि सध्या दुसऱ्या एका लहान बँकेच्या व्यवस्थापन मंडळावर आहे, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून पाहतो.

आधी कर्जाचेच घेतो, कारण तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला तेथे दिसते. २,००० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक मालमत्ता असलेल्या नागरी बँकांना प्रणालीद्वारे आपोआप वर्गीकरण करणे ३० जून २०२१ पासून बंधनकारक झाले आणि त्यानंतर ही पद्धत लहान बँकांतही रुळत गेली. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरच्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने दोन गोष्टी निःसंदिग्ध केल्या. पहिली तारखांची. ३१ मार्चचा हप्ता त्या दिवसाचे कामकाज बंद होईपर्यंत आला नाही, तर खाते त्याच दिवसापासून थकीत. तसेच राहिले तर ३० एप्रिलला एसएमए-१, ३० मे रोजी एसएमए-२ (या दोन्ही धोक्याच्या आगाऊ पायऱ्या) आणि २९ जूनला अनुत्पादक, म्हणजे एनपीए. दुसरी गोष्ट अशी की, एकदा अनुत्पादक झालेले खाते केवळ थोडे व्याज भरून नियमित होत नाही, मुद्दल आणि व्याजाची सगळी थकबाकी भरावी लागते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात थोडी रक्कम आणून खाते ‘बसवण्याची’ आपली जुनी कला तेथेच संपली, आणि संपली ते बरेच झाले.

पण यातून शाखाधिकाऱ्याचे काम संपले, असा निष्कर्ष कृपया काढू नका. पूर्वी तुमचा निर्णय थकबाकीनंतर, मार्चच्या तोंडावर होत असे. आता तो पहिल्या तीस दिवसांत व्हावा लागतो. कोणाच्या घरी केव्हा जावे, हे तुमचे ज्ञान जुने झालेले नाही, त्याची तारीख आधी सरकली आहे. एखाद्या यंत्रमागधारकाचा हप्ता चुकला, तर त्याला सुताच्या दराने मारले, की व्यापाऱ्याने पैसे अडकवले, की त्याने आपले पैसे मुलीच्या लग्नाकडे वळवले, हे संगणकाला कळत नाही आणि नव्या मुलांनाही अजून कळत नाही. तिघांशी वेगळे वागावे लागते. एकाला मुदत हवी असते, दुसऱ्यासाठी त्या व्यापाऱ्याशी बोलावे लागते, तिसऱ्याच्या जामीनदाराला नोटीस जावी लागते. हे ठरवणे तुमचेच काम आहे. त्यासाठी एवढेच शिकायचे की थकीत खात्यांची यादी रोज सकाळी स्वतःच्या लॉगिनने स्वतः उघडून वाचायची. कोणी छापून टेबलावर ठेवण्याची वाट पाहायची नाही. यादी स्वतः वाचणारा शाखाधिकारी आणि यादीचा गोषवारा ऐकणारा शाखाधिकारी यांच्यातला फरक कर्मचाऱ्यांना फार लवकर कळतो.

दुसरा विषय नियमांचा. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ज्यांचा त्या बँकेशी काडीचाही संबंध नव्हता अशा नागरी बँकांच्या शाखांतही लोक ठेवी मोडायला आले होते. ठेव विमा तेव्हा १ लाखाचा होता, तो ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाला. त्या दिवसांत ज्या शाखाधिकाऱ्यांना विमा कशाला लागू होतो, एका व्यक्तीच्या अनेक खात्यांची बेरीज कशी धरतात, संयुक्त खात्याचे काय, हे मुखोद्गत होते, ते केबिनमधून बाहेर येऊन काउंटरपुढे उभे राहिले आणि शांतपणे उत्तरे देऊ शकले. इतरांनी मुख्य कार्यालयाला फोन लावले. नेतृत्व हा शब्द वापरायचाच असेल, तर मी तो तेथे वापरीन.

त्यानंतर नियम सतत बदलत आले आहेत. २०२० ची बँकिंग नियमन कायद्यातील दुरुस्ती, १०० कोटी किंवा त्याहून अधिक ठेवींच्या बँकांना संचालक मंडळाखेरीज वेगळे व्यवस्थापन मंडळ, डिसेंबर २०२२ मधील ठेवींनुसार चार स्तरांची रचना, १ एप्रिल २०२५ पासून पहिला स्तर वगळून इतरांना लागू झालेली तातडीच्या सुधारात्मक कारवाईची, म्हणजे बँकेची स्थिती बिघडू लागताच रिझर्व्ह बँकेने हस्तक्षेप करण्याची, चौकट. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर रिझर्व्ह बँकेने हजारो जुनी परिपत्रके मोडीत काढून २४४ एकत्रित निर्देश काढले, त्यात नागरी सहकारी बँकांचे निर्देश वेगळे केले आहेत. हे शाखाधिकाऱ्याला वरदानच आहे, कारण आता आपल्यापुरते एका ठिकाणी वाचता येते. आठवड्यातून ठरावीक वेळ काढून मूळ मजकूर वाचावा. व्हॉट्सॲपवर फिरणारे सारांश वाचून निर्णय घेऊ नयेत, एवढे मात्र कळकळीने सांगतो.

---

काउंटर क्रमांक तीन

रोजकीर्द सर, मी तुमच्या प्रश्नात आलेल्या ‘नव्या मुलामुलीं’पैकीच एक समजा. दुसऱ्या एका सहकारी बँकेत अधिकारी आहे. आमच्या बाजूने थोडे लिहिते.

आम्हाला प्रणाली येते, हे खरे आहे. पण प्रणाली येणे आणि शाखा कळणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे आमच्याइतके दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसते. एखाद्या संचालकांचा फोन येतो, ‘आपला माणूस आहे, कर्जाचे जरा बघा’, आणि कागदपत्रांवरून तर ते कर्ज देता येण्यासारखे नसते. अशा वेळी नकार कोणत्या शब्दांत द्यायचा, कोणत्या टप्प्यावर लेखी द्यायचा, संचालकांचा मान राखून नियम कसा पुढे करायचा, हे कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. माझ्या पहिल्या शाखाधिकाऱ्यांनी असा फोन आला की मला समोर बसवून ठेवायला सुरुवात केली होती. ते काही समजावून सांगत नसत. मी ऐकत असे. त्यांना मोबाइल ॲपमधले फारसे कळत नव्हते, पण त्यांच्या अधिकाराविषयी आमच्यापैकी कोणाच्याही मनात शंका नव्हती.

याच्या उलट अनुभवही आहे. आणखी एका शाखेत वरिष्ठ अधिकारी स्वतःचा पासवर्ड कनिष्ठांकडे देऊन ठेवत, कारण पडद्यावर पासिंग करणे त्यांना सावकाश जमे आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनरांची रांग लागलेली असे. नोंद करणारा आणि ती मंजूर करणारा हे दोघे वेगळे असावेत, हा बँकिंगचा पाया आहे. पासवर्ड दिल्याक्षणी दोन्ही सह्या एकाच हातात गेल्या. उद्या काही घोटाळा झाला तर नोंद वरिष्ठांच्या नावावर आणि चौकशी आमची. तुम्ही विचारता की किती खोलात शिकायचे; माझे उत्तर असे आहे की ज्या कामाच्या मंजुरीवर तुमचे नाव उमटते, ते काम तुम्हाला स्वतःच्या हाताने, सावकाश का होईना, करता आलेच पाहिजे. बाकीचे आम्ही करू. त्यासाठी आम्हाला विचारलेत तर आम्हाला त्यात काही कमीपणा वाटत नाही, आनंदच होतो. खटकते ते वेगळेच. ‘हे तुम्ही तरुण मंडळी बघा’ असे म्हणून काम सरकवायचे, आणि त्यात काही बिघडले की ‘मला विचारले का नाही’ म्हणायचे.

फसवणुकीच्या तक्रारींविषयी सांगणे आवश्यक वाटते. ग्राहक घाबरलेल्या अवस्थेत येतो, खात्यातून पैसे गेलेले असतात. त्या क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवणे, खात्यावरील व्यवहार थांबवणे आणि आमच्या मुख्य कार्यालयातील संबंधित विभागाला कळवणे हे जवळजवळ एकाच वेळी व्हावे लागते, कारण पैसे पुढच्या खात्यांत पसरायच्या आत अडवले तरच हाती लागतात. ग्राहकाची चूक नसताना बाहेरच्या कोणी फसवले आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याची जबाबदारी शून्य, ही तरतूद सहकारी बँकांनाही २०१७ सालीच लागू झाली. हे आम्हाला माहीत असते. पण समोर रांग उभी असताना एका कर्मचाऱ्याने काउंटर सोडायचा की नाही, रांगेतल्या लोकांना कोणी थोपवायचे, आणि त्या ग्राहकाला ‘ओटीपी दिलाच कसा’ असे ओरडायचे नाही हे सगळ्यांना कोणी बजावायचे, हा आदेश काउंटरवरची मुलगी देऊ शकत नाही. तो तुम्हीच द्यायचा असतो, आणि शक्यतो असा प्रसंग येण्याआधी.

---

खडू-फळा

मी बँकांच्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण घेतो, त्यामुळे जहाजाच्या कप्तानाचा टोला आमच्याच जमातीला बसला आहे, तो मान्य.

मात्र वसुली पथक यांच्या एका मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. नियम वाचणे अत्यावश्यक आहे, परंतु नियमांचे उत्तम ज्ञान असलेले आणि तरीही शाखेत कोणी ज्यांच्याशी मोकळेपणाने बोलत नाही, असे शाखाधिकारी मी पुष्कळ पाहिले आहेत. तपासणी आली की त्यांची शाखा कागदावर चोख असते, आणि काउंटरवर काय बिनसले आहे ते त्यांना सर्वांत शेवटी कळते. ज्ञान जुने झाले तर ते वाचून भरून काढता येते. निर्णय घेण्याची सवय जुनी झाली आहे, हे मात्र स्वतःला दिसतच नाही. ते दुसऱ्याने सांगावे लागते. म्हणून मी शाखाधिकाऱ्यांना एक साधा प्रयोग सुचवतो. आपण रजेवर जाताना शाखा उपशाखाधिकाऱ्याच्या ताब्यात द्यावी, फोन घेऊ नये, आणि परत आल्यावर ‘काय अडले’ असे न विचारता ‘माझ्या नसण्याने कोणते काम लवकर झाले’ असे विचारावे. पहिल्या वेळी कोणी खरे सांगत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सांगू लागतात, आणि जे सांगतात त्यातूनच आपली कोणती मंजुरी केवळ सवयीने आपल्याकडे राहिली आहे हे कळते.

अभ्यासक्रमांविषयी थोडक्यात. पुण्यात रिझर्व्ह बँकेचे कृषी बँकिंग महाविद्यालय आहे, तेथे नागरी बँकांच्या अधिकाऱ्यांसाठी कार्यक्रम होतात; वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्थाही पुण्यातच आहे. जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांच्या व्यावसायिक परीक्षा वयाच्या कोणत्याही टप्प्यावर देता येतात, आणि सीएआयआयबीला मनुष्यबळ व्यवस्थापन हा विषय ऐच्छिक म्हणून घेता येतो. पन्नाशीच्या शाखाधिकाऱ्याने आपल्याच लिपिकांबरोबर परीक्षेला बसणे हे मला कोणत्याही व्याख्यानापेक्षा परिणामकारक वाटते, अगदी एखादा पेपर राहिला तरीसुद्धा. कोणत्याही कार्यक्रमाला जाताना मात्र आपल्या शाखेतील एखादे अडलेले प्रकरण, नावे झाकून, बरोबर न्यावे आणि व्याख्यात्याला त्यावर बोलायला लावावे. व्याख्याता गोंधळला, तर कार्यक्रम कसा आहे हे पहिल्याच तासात समजते.

एक गोष्ट तुमच्या हातात नाही, तीही नोंदवतो. मुख्य कार्यालय जर केवळ ठेवींच्या उद्दिष्टावर शाखाधिकाऱ्याचे मूल्यमापन करत असेल, तर तो माणसे घडवण्यासाठी वेळ काढणार नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. हा विषय शाखाधिकाऱ्यांच्या बैठकीत सर्वांनी मिळून लेखी मांडावा; एकट्याने मांडला तर ती तक्रार ठरते.

---

रोजकीर्द

तिघांचेही मनापासून आभार. पासवर्डचा मुद्दा आमच्या शाखेच्या पुढच्या बैठकीत पहिल्या क्रमांकावर घेत आहे. सकाळची यादी स्वतः उघडण्याची सूचनाही लगेच अमलात आणता येईल.

एक गोष्ट मात्र अजून सुटत नाही. शाखेत केवळ मी आणि तरुण मुले एवढेच नाही. वयाने माझ्याहून मोठे दोन लिपिक आहेत, ज्यांना पदोन्नती नको होती म्हणून ते तेथेच राहिले, आणि वर्षानुवर्षे बाजारपेठेत फिरणारे पिग्मी एजंट आहेत. लिपिकांना काका आणि एजंटांना अण्णा म्हणूनच सारे हाक मारतात. नवी पद्धत आली की त्यांना आपण अडगळीत गेलो असे वाटते, आणि तरुण मुले त्यांच्या संथपणावर हसतात. मी मुलांना दटावू शकतो, पण त्याने काकांचा मान परत येत नाही. त्यांना बरोबर कसे घ्यावे?

---

वसुली पथक

खडू-फळा यांची दुरुस्ती मला मान्य आहे. रजेचा प्रयोग मीही करायला हवा होता, पण आमच्या वेळी रजाच कोण देत होते!

काका आणि अण्णांविषयी. मुलांना दटावण्याने काही होणार नाही, हे तुम्ही बरोबर ओळखले आहे. ज्या कामात त्यांना खरोखरच जास्त कळते, ते काम शोधून त्यांच्याकडे सोपवावे, केवळ मान ठेवण्यापुरते नव्हे. पिग्मी एजंट रोज दुकानांत जातो. कोणाची रोजची पिग्मी दोनशेवरून पन्नासवर आली, कोणाच्या दुकानात माल दिसत नाही, कोण हल्ली दुपारीच शटर ओढतो, हे त्याला हप्ता चुकण्याच्या कितीतरी आधी दिसते. प्रणाली ज्या दिवशी खाते थकीत दाखवते, त्याच्या महिना-दीड महिना आधीची ही खबर आहे, आणि ती फुकट मिळते. सोमवारी काउंटर उघडण्यापूर्वी थकीत खात्यांची यादी घेऊन एजंट, ज्येष्ठ लिपिक आणि तुमची तरुण कर्ज अधिकारी यांना एकत्र बसवा. मुलीने पडद्यावरचे वाचावे, अण्णांनी बाजारातले सांगावे, काकांनी त्या घराण्याचा जुना व्यवहार सांगावा. दोन-तीन खात्यांत अण्णांचा अंदाज खरा ठरला की हसणे आपोआप थांबते.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. ग्राहकाविषयी तेथे बोललेले बाहेर जाता कामा नये, हे एजंटांना स्पष्ट बजावावे, कारण बाजारात एका दुकानदाराची अडचण दुसऱ्याला कळली तर बँकेचे नाव जाते. आणि ऐकीव माहितीवरून कोणाचे कर्ज रोखू नये. ती भेट देण्याचे कारण ठरावी, कारवाईचे नव्हे. भेटीत जे आढळेल ते तारखेसह लिहून कर्जाच्या फाइलला लावावे, म्हणजे तुमची किंवा त्या मुलीची बदली झाली तरी पुढच्या अधिकाऱ्याला ते वाचायला मिळेल.